दुकान-घरासाठी इन्व्हर्टर आणि बॅटरी : सौद्याआधी हिशोब मांडा

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या धंद्यात उजेड हाही एक मालच आहे. गिऱ्हाईक ठाण हातात घेऊन रंग पाहते, पोत पाहते. अशा वेळी वीज गेली तर हातातला सौदा निघून जातो. 2005 ते 2012 या काळात भारनियमनाने आपल्याला हा धडा चांगलाच शिकवला. आता तसे तासन् तास भारनियमन नसले तरी पावसाळ्यातील बिघाड व दुरुस्तीसाठी बंद होणारा पुरवठा आहेच. म्हणून इन्व्हर्टर घेताना काय पाहावे, हे आमच्या अनुभवावरून सांगतो.

आमची चूक

2009 च्या रमजानच्या हंगामात आम्ही घाईने इन्व्हर्टर बसवला. दुकानदाराने सांगितले, "शेठ, 150 ची बॅटरी आहे, चार तास चालेल." आम्ही ना लोडचा हिशोब केला, ना पावतीवर शिक्का पाहिला. जागा वाचावी म्हणून बॅटरी मांडणीच्या खाली, कापडाच्या गठ्ठ्यांना लागून ठेवली. उजेड तासाभरातच मंदावला. पण मोठे नुकसान पुढेच होते. चार्जिंगच्या वेळी उडालेले ॲसिडचे तुषार सुती कापडावर बसले. तेव्हा कापडावर डागही दिसला नाही. ईदनंतर तीन गिऱ्हाइके धुतलेले कुर्ते घेऊन आली, तर कापडाला भोके! ॲसिडाने सुताची ताकद आधीच गेलेली असते, धुतल्यावर ती उघड होते. आम्ही पैसे परत केले आणि त्या गठ्ठ्यातील उरलेला सगळा माल बाजूला काढला. पैसे भरून निघाले, पण वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांसमोर खाली घालावी लागलेली मान आजही आठवते.

हिशोब असा मांडावा

प्रथम वीज गेल्यावर जे चालू राहिलेच पाहिजे, तेवढेच लिहून काढावे. एका मध्यम दुकानाचे उदाहरण घेऊ :

20 वॅटच्या 6 एलईडी ट्यूब : 120 वॅट
75 वॅटचे 2 जुने पंखे : 150 वॅट
कॉम्प्युटर व बिलाचा प्रिंटर : 100 वॅट
एकूण : 370 वॅट

इन्व्हर्टरवर व्हीए लिहिलेले असते, वॅट नव्हे. साधारणपणे वॅटला 0.7 ने भागावे. 370 चे सुमारे 530 व्हीए होतात. त्यात पाव हिस्सा राखीव धरला की 660. म्हणजे 700 ते 900 व्हीएचा इन्व्हर्टर पुरे.

आता बॅटरी. 12 व्होल्ट गुणिले 150 अँपिअर-तास म्हणजे 1800 वॅट-तास. पण हे सगळे हाती येत नाही. लेबलवर सी-20 लिहिले असेल, तर 150 हा आकडा 20 तासांत सावकाश, दर तासाला साडेसात अँपिअरने वापरण्याचा आहे. आपले दुकान तर 30 अँपिअरहून जास्त ओढते. त्यातच इन्व्हर्टरची स्वतःची घट. म्हणून 60 टक्के धरावे, म्हणजे 1080. त्याला 370 ने भागले की तीन तासांना थोडे कमी. दोन्ही पंखे 30 वॅटचे बीएलडीसी घेतले तर लोड 280 वर येतो आणि त्याच बॅटरीवर पावणेचार तास निघतात. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलण्याचा विचार करावा.

इस्त्री, गीझर, पाण्याची मोटर या लाइनवर जोडू नये. यंत्रमागवाल्या बंधूंनीही ध्यानात घ्यावे की 1 अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, आणि मोटर सुरू होताना त्याच्या कित्येक पट करंट ओढते. घरगुती इन्व्हर्टरचे ते काम नाही.

कोणता माल घ्यावा

इन्व्हर्टर शक्यतो साइन वेव्हचा घ्यावा. स्क्वेअर वेव्ह स्वस्त पडतो, पण पंखे घुंई-घुंई करतात व मोटर तापते. बॅटरीत साध्या प्लेटची दोन-तीन वर्षे टिकते, ट्युब्युलर नीट सांभाळली तर चार-पाच वर्षे. लिथियम बॅटरीला पाणी लागत नाही, ती लवकर चार्ज होते आणि तिची बहुतेक वीज हाती येते, पण सुरुवातीचा पैसा जास्त लागतो आणि इन्व्हर्टर तिला जुळणारा हवा.

ट्युब्युलर घेताना आयएस 13369 हा मानक क्रमांक, सी-10 की सी-20 आणि उत्पादनाची तारीख पाहावी. कंपनीच्या पत्रकातील वजनाशी ताडून बॅटरी तोलावी. शिसे कमी असेल तर वजनच चुगली करते. गॅरंटी कार्डावर तारीख व शिक्का त्याच वेळी घ्यावा. दोन बॅटऱ्या लागत असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या घ्याव्यात. जुनीला नवी जोडली की नवीही लवकर जाते.

बसवणे आणि सांभाळणे

बॅटरी हवेशीर जागी, ट्रॉलीवर, कापडापासून दूर ठेवावी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ अगरबत्ती, लोबान किंवा विडी नको. दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी नको, वरून ॲसिडही नको. ॲसिड सांडले तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे. अर्थिंग जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. पूर्ण रिकाम्या झालेल्या बॅटरीला भरायला दहा-बारा तास लागतात, हेही विसरू नये.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. शिसे विषारी असते, आणि 2022 च्या नियमांनुसार बॅटरी कचऱ्यात टाकण्यास मनाई आहे. ती विक्रेत्याकडे जमा करावी, नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

आपण कापड मोजून देतो, तशीच वीजही मोजून घ्यावी. कागदावरची दहा मिनिटे वाचवली, म्हणून आम्ही हंगाम गमावला. वाचकांनी ती चूक करू नये.