वाकलेली पाठ
लूककृत शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायातील स्त्री 18 वर्षे वाकलेली होती. तिने काही मागितले नाही. प्रभूने तिला पाहिले आणि जवळ बोलावले.

चाकण परिसरातील ठाकर वस्तीवर एकट्या राहणाऱ्या आजीही मागत नाहीत. ‘वय झालं’ म्हणतात आणि दुकानातली दुखण्याची गोळी घेतात. रोजच्या गोळीने पोटाला, मूत्रपिंडाला अपाय होतो. हाडे ठिसूळच राहतात. खुब्याचे हाड मोडले की स्वतःची चूल सुटते.

म्हणून भेटीत तीन गोष्टी पाहा : ताटात नाचणी (100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम), अंगावर ऊन, उंबऱ्याशी धरायला आधार. दुखणे थांबत नसेल, तर चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात त्यांच्यासोबत जा. हाक येण्याची वाट पाहू नका.