माळावरचा कुरडू

मुलांनो, भाद्रपदात बीडहून पाटोद्याला एसटीने जाताना तुम्ही खिडकीबाहेर पाहिले आहे का? मांजरसुंब्याचा घाट चढला की बालाघाटचे माळ लागतात. जमीन मुरमाड, झाडे थोडी. पण पावसाळ्यात सारा माळ गवताने झाकून जातो. त्या गवतात आणि शेजारच्या बाजरीत गुलाबी शेंड्यांची झाडे दाटीने उभी असतात. हाच कुरडू.

एक तुरा तोडून नीट पाहा. शेंडा गुलाबी आणि खालचा भाग चंदेरी पांढरा दिसेल. तुऱ्यात पुष्कळ लहान लहान फुले असतात. ती खालून वर उमलत जातात. जी आधी उमलतात ती आधी पांढरी पडतात, म्हणून तुरा दोनरंगी दिसतो. ही फुले कागदासारखी कोरडी असतात. शास्त्रज्ञ कुरडूला 'सेलोसिया अर्जेन्टिया' म्हणतात. 'अर्जेन्टिया' म्हणजे चांदीसारखी. बागेतला मखमली लाल कोंबडा, ज्याला आपण उर्दूत कलगा म्हणतो, तो या कुरडूचाच भाऊ. एक रानात वाढला, दुसरा लाडात!

कुरडूचा एक दूरचा नातेवाईक मोठा प्रसिद्ध आहे. त्याचे नाव कार्नेशन. अरबीत त्याला 'करनफुल' म्हणतात. हकीमांच्या नुस्ख्यात करनफुल म्हणजे तर लवंग! फारसीतही 'मीखक' हा एकच शब्द दोघांना चालतो, कारण कार्नेशनला लवंगेसारखा वास येतो. दक्षिण आफ्रिका आणि लेसोथो या देशांत, उंच पर्वतांवरील गवतात, कार्नेशनचा एक रानटी गुलाबी भाऊ उगवतो. लेसोथोचे जुने नाव बसुटोलँड, म्हणून तो 'डायान्थस बसुटिकस'. कार्नेशन आणि कुरडू यांची कुळे वेगळी, पण गण एकच आहे.

दोघेही गुलाबी, तरी त्यांचा रंग एक नव्हे. कार्नेशनचा रंग जांभळात असतो त्या जातीचा, कुरडूचा बीटात असतो त्या जातीचा. राजगिरा आणि गुलबक्षी (आपली गुल-ए-अब्बास) हीदेखील बीटाच्याच बाजूची. निसर्गतः हे दोन्ही प्रकारचे रंग एकाच वनस्पतीत आजवर सापडलेले नाहीत. घरी करून पाहा. गोकर्णाची निळी फुले पाण्यात कुस्करा आणि त्यात लिंबू पिळा. पाणी जांभळे-गुलाबी होईल. बीटाच्या पाण्यात लिंबू पिळले, तर ते लालच राहील.

शेतकऱ्याला मात्र कुरडू आवडत नाही. त्याचे काळे, चकचकीत बी झडून जमिनीत राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा उगवते. पिकाचे पाणी आणि खत तेच खाते. म्हणून फुलोऱ्याच्या आत खुरपणी झाली पाहिजे. पण खुरपणाऱ्या बायकांना विचारा! आषाढ-श्रावणात हाताशी पैसा नसतो, तेव्हा त्या कुरडूची कोवळी पाने ओटीत खुडून आणतात. लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर मुगाची डाळ घातली की भाजी होते. एकाच फेरीत शेत निवळते आणि तव्यावर कालवणही शिजते. तणनाशक फवारले तर दोन्ही कामे बिघडतात: मजुरी जाते आणि भाजीही जाते. फवारलेल्या शेतातला पाला कधीही खुडू नका.

दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. वर्गातली काही बाके रिकामी होतात. त्याच सुमारास कुरडूचे तुरे पुरते पांढरे होतात. मागे राहणाऱ्यांनी बाकावरच्या सोबत्यासाठी एक वाळका तुरा वहीत ठेवावा. उन्हाळ्याच्या तोंडाला तो परत येईपर्यंत तुरा तसाच राहतो.

शब्दार्थ : मुरमाड – खडीमिश्रित, तण – पिकात उगवणारे नको असलेले झाड, ओटी – पदराची झोळी.

स्वाध्याय : १. कुरडूचा तुरा दोनरंगी का दिसतो? २. तुमच्या घरी कुरडूची भाजी कशी करतात, ते आईला विचारून पाच वाक्यांत मराठीत लिहा.