ज्वारीचा दाणा, उसाचे कांडे आणि विकरे



ज्वारी, गहू, मका आणि ऊस ही सारी गवताच्या एकाच कुळातली पिके. सगळ्यांच्या पानांत साखर तयार होते. मग ज्वारीच्या दाण्यात पीठ भरते आणि उसाच्या कांड्यात साखरच का राहते? हा सारा विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा खेळ आहे. विकरे ही पेशीतली कारागीर प्रथिने. प्रत्येकाचे काम ठरलेले.

ज्वारीचा दाणा चिकात असताना ताटातून साखर येते. काही विकरे तिच्यापासून ग्लुकोजचे मणी करतात, काही ते मणी ओवून लांब माळ करतात, तर काही माळेला फाटे फोडतात. हीच माळ म्हणजे पिष्ट. हुरडा गोड लागतो, कारण तोपर्यंत सगळ्या साखरेचे पिष्ट झालेले नसते.

दाणा रुजताना उलटे काम चालते. ओल लागली की दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि माळ तोडू लागते. पायें आणि पेर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८३३ साली मोड आणलेल्या सातूतून असा पदार्थ वेगळा काढून त्याला डायस्टेज नाव दिले. मोड आणलेल्या नाचणीची पेज पातळ होते, ती यामुळेच. काढणीला पाऊस लागून कणसातच मोड आले, तर त्या ज्वारीची भाकरी नीट होत नाही, तेही यामुळेच.

आता आपला ऊस बघा. तोडलेला ऊस लगेच मरत नाही. त्यातले इन्व्हर्टेज हे विकर साखर फोडून ग्लुकोज व फ्रुक्टोज करते. चवीला हे दोन्ही गोडच, पण कारखान्यात त्यांचा साखरेचा दाणा बनत नाही. ते मळीत जातात. ऊन आणि उशीर यांनी ही फोड वाढते. शिवाय वाजवीपेक्षा जास्त वाढे आले, तर रसात पिष्टही येते. त्याने रस घट्ट होतो आणि दाणा धरायला वेळ लागतो.

म्हणून एवढे करावे :

१) तोडणी चिठ्ठी आल्याशिवाय कोयता लावू नये.
२) तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपास पोचवावा.
३) मोळ्या थांबल्याच तर पाचटाने झाकून ठेवाव्यात.
४) वाढे व कोवळी शेंड्याची कांडी काढून, पाचट साफ करूनच मोळी बांधावी.
५) ऊस पेटवून तोडू नये.

एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. एकाच्या फडात दोन दिवस पडलेला ऊस सगळ्यांचाच उतारा खाली ओढतो. वजनही त्याचेच घटते, हे वेगळे. वर्षभर पाणी-खत घालून कमावलेली साखर शेवटच्या दोन दिवसांत घालवू नये, एवढीच विनंती.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी