केकताड

शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी जाड, लांब पानांचे एक झाड दिसते. आपल्या सोलापूर भागात त्याला केकताड म्हणतात. पुस्तकात त्याला घायपात म्हटले आहे. त्याचे मूळ ठिकाण मेक्सिको देश. पण आता ते सांगोल्याकडच्या बरड माळावर असे रुळले आहे, की परके म्हटले तर कुणाला पटायचे नाही.

केकताडाच्या जाती पुष्कळ आहेत. एकीची पाने निळसर असून कडेला वाकडे काटे असतात. दुसरीची पाने तलवारीसारखी. तिच्या कडेला बहुधा काटे नसतात, शेंड्याला मात्र सुईसारखा एक असतो. दोरासाठी ही जात चांगली. पानात जो धागा असतो तो वाख. 100 किलो पाने कापली तर वाख निघतो 3 ते 4 किलो! दोराचा भाव करताना एवढे ध्यानात ठेवावे.

एकदा आम्ही शाळेत मुलांना वाख काढायला बसवले. पाने ठेचली, हाताने गर काढला. तासाभरात सगळ्यांच्या हातांना खाज सुटली. आमच्याही. चार दिवस कुणाला पाटीवर लिहिता येईना. मुलांच्या आया शाळेत आल्या. गावात दोर वळणारी एक म्हातारी होती. ती म्हणाली, "गुरुजी, कच्च्या पाल्याला उघडा हात लावतं का कुणी? पाला आधी कुजू द्यावा, मग बडवावा, धुवावा, उन्हात वाळवावा." चूक आमचीच होती. आधी तिला विचारायला हवे होते.

पाला कुजवायला वेगळा खड्डा करा. विहिरीत किंवा पिण्याच्या पाण्यात तो घालू नका. त्या रसाने मासेसुद्धा मरतात. कुणी केकताडाला कोरफड समजून भाजल्या जागी लावतात. तसे मुळीच करू नका, कातडी आणखी सोलते. डोळ्यांत रस गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवा आणि दवाखाना गाठा.

पूर्वी पोळ्याला म्होरकी, कासरे, दावी याच वाखाची असत. आता नायलॉन आले. ते पाण्यात कुजत नाही, हे खरे. वाखाचा दोर ओला ठेवला तर कुजतो. पण गाठ त्याचीच घट्ट बसते.

पाने कापताना खालची कापा, शेंड्याकडची राहू द्या. झाड बरीच वर्षे पाने देते. मग एक दिवस मधून उंच दांडा निघतो, फुले येतात आणि झाड मरते. दोराच्या जातीत त्या दांड्यावरच बारीक रोपे धरतात. ती खाली पडली की उचलून बांधावर लावावीत.