शेताखालील वायुवाहिनी व शेतकऱ्याचा हक्क

ज्याच्या जमिनीखालून नैसर्गिक वायूचा नळ जावयाचा असतो, त्याच्या हातीं नोटीस पडतांच 'जमीन गेली' अशी त्याची समजूत होते. ही समजूत खरी नाहीं; आणि आपलें कांहींच जात नाहीं, अशी जी दुसरी समजूत ऐकूं येते, तीही खरी नाहीं. दप्तरांत आयुष्य गेलें असल्यामुळें हा भेद वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

विहिरींतून निघणाऱ्या वायूबरोबर पाणी व तेलही येतें. गुजराथेंत अंकलेश्वर येथें १९६० सालीं तेल लागलें. तेथें अनेक विहिरींचे लहान नळ एका संकलन केंद्रांत आणून हे पदार्थ वेगळे करितात. लांब नळींत पाण्याची धार जशी शेवटीं मंदावते, तसा घर्षणानें वायूचा दाबही उतरतो. म्हणून दूर जाणाऱ्या वाहिनीवर मध्यें मध्यें काँप्रेसर स्टेशनें बांधून वायु पुन्हां दाबावा लागतो. हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीवर झाबुवा येथें असें स्टेशन आहे. आपल्याकडेही दहेजहून उरणास व पुढें दाभोळकडे वाहिन्या गेल्या आहेत.

आतां हक्काचा प्रश्न. स्टेशनास यंत्रशाळा, कुंपण व रस्ता लागतो. ती जमीन कायमची घेतली जाते व सात-बाऱ्यावरील मालकाचें नांव बदलतें. नळाचें तसें नाहीं. १९६२ च्या केंद्रीय कायद्यान्वयें त्यासाठीं फक्त 'वापर हक्क' घेतात. मालकी आपलीच राहते. पट्ट्यावर पूर्वींप्रमाणें ज्वारी, गहूं, भाजीपाला करावा. मात्र घर, गोठा, विहीर, तळें किंवा बंधारा तेथें करतां येत नाहीं आणि झाडही लावतां येत नाहीं. ज्याचा आंब्याची बाग करण्याचा बेत होता, त्याला ही बंदी फार जाचते. ज्वारी घेणाऱ्यास ती जाणवतही नाहीं. तरी दोघांस भरपाईचें प्रमाण एकच! आमच्या मतें हा कायद्यांतील उणेपणा आहे.

कलम ३ ची अधिसूचना राजपत्रांत निघाल्यापासून २१ दिवसांच्या आंत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत गेली पाहिजे. चावडीवर कागद लागेल, मग पाहूं, असें म्हणतां म्हणतां हे दिवस सरतात. 'आम्हांस मान्य नाहीं' एवढेंच लिहूं नये. आपली विहीर कोठें आहे, नळ बांधाच्या कडेनें नेल्यास कोणतें नुकसान टळतें, हें गट नंबर व नकाशासह लिहावें. अधिसूचनेपूर्वीं राहतें घर किंवा पक्कें बांधकाम असलेल्या जमिनीखालून नळ नेतां येत नाहीं. इतरत्रही तो पृष्ठभागापासून १ मीटरहून कमी खोल घालतां येत नाहीं.

उभें पीक, तोडलेलीं झाडें व शेत तात्पुरतें तुटल्यानें झालेलें नुकसान यांची भरपाई निराळी. तिच्याशिवाय अधिसूचनेच्या दिवशींच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. आंकडा मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करतां येतो. पंचनाम्यांत झाडांची जात, वय व संख्या उतरली आहे कीं नाहीं, हें स्वतः वाचूनच सही करावी. 'किरकोळ झाडें' एवढेच दोन शब्द लिहिलेले पंचनामे आम्हीं पाहिले आहेत. अशा कागदावर पुढें कोण काय मागणार? चर खणतांना वरची सुपीक माती वेगळी ठेवून शेवटीं तीच वर पसरावयास लावावी.

धोकाही लहान नाहीं. आंध्रांत त्या वेळच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यांतील नगरम् येथें २७ जून २०१४ रोजीं पहाटे गळलेला वायु पेटून २० पेक्षां अधिक माणसें मेलीं. वायूंत पाणी राहिल्यास पोलादी नळ आंतून गंजतो. घरच्या गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो. शेताखालील वायूस तो असेलच असें नाहीं. ओल्या मातींत बुडबुडे, फुसफुस आवाज किंवा हिरव्या पिकांत मधेंच वाळलेला ठिपका दिसल्यास विडी पेटवूं नये, पंप सुरू करूं नये. वाऱ्याच्या उलट दिशेनें दूर जाऊन खुणेच्या खांबावरील क्रमांकास कळवावें.

जमीन विकत घेणाऱ्यानें सात-बाऱ्यांतील 'इतर हक्क' हें सदर वाचून व शेतांतील खुणेचे खांब पाहून मगच विहिरीची जागा धरावी.