कानाला वळण लावताना: उज्जैनच्या फ्रीगंजहून

१. वय वाढतं तशी गाण्याची भूक बदलते. टॉवर चौकात दिवसभर वाजणारी तीच ती दहा गाणी घरी आल्यावर पुन्हा ऐकवत नाहीत. अमेरिकेत अशा श्रोत्यांसाठी ‘अ‍ॅडल्ट अल्बम अल्टरनेटिव्ह’ हा रेडिओचा एक स्वतंत्र प्रकारच आहे. त्यात फोक, ब्लूज, रॉक, जुने-नवे अल्बम सगळं एकत्र नांदतं. फिलाडेल्फियाचा ‘वर्ल्ड कॅफे’ हा कार्यक्रम याच घराण्यातला, १९९१ पासूनचा.

२. आपल्याकडे या कल्पनेच्या जवळ पोचला तो वर्ल्डस्पेस हा वर्गणीचा उपग्रह रेडिओ. त्याचा एशियास्टार उपग्रह १०५ अंश पूर्वेला होता, म्हणून फ्रीगंजच्या गच्चीवर अँटेनाचं तोंड आग्नेयेला असे. मध्ये पाण्याची टाकी आली की खरखर वगैरे काही नाही, थेट शांतता! पण एकदा जुळला की ‘गंधर्व’ वाहिनीवर ख्याल, ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी गाणी, ‘रिफ’वर जॅझ. ‘श्रुती’ नसतं तर कर्नाटक संगीताच्या वाटेला मी माळव्यात बसून गेलो असतो का? शंकाच आहे.

३. चांगलं ऐकायचं तर पैसे मोजावे लागतात, आणि मोजूनही ते टिकेल असं नाही. वर्ल्डस्पेसची अमेरिकेतली मूळ कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली; ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली.

४. अभिरुची हुकमाने येत नाही. बा. वि. केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. (माणूस आपला मराठी, शास्त्रीय संगीतावर जीव, हेतू वाईट म्हणवत नाही.) श्रोत्यांनी मुकाट्याने सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली.

५. गाण्याइतकाच निवेदक महत्त्वाचा. विविध भारतीच्या ‘संगीत सरिता’त राग उलगडून सांगत, मग त्याच रागातलं सिनेमाचं गाणं लावत. असा जाणता माणूस यंत्राच्या यादीत सापडत नाही.

६. वेगळं ऐकायला लांब जायला नको. आकाशवाणीच्या १९५५ पासूनच्या इंदूर केंद्रावर माळवी लोकगीतं लागत. शेजारच्या देवासला कुमार गंधर्वांनी याच लोकधुनांतून राग घडवले.

७. आज आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची ‘रागम’ वाहिनी मोबाइलवर फुकट ऐकता येते. आपल्या ओसरीवर निदान रात्री तासभर लावून पाहा, आणि मुलांना सक्ती करू नका.