डाउन सिंड्रोम आणि व्याकरणाची वाढ

मानवी पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात. बहुतेक बाबतींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा आल्याने ही संख्या ४७ होते व ‘डाउन सिंड्रोम’ ही जन्मजात अवस्था उद्‌भवते. इंग्लंडमधील डॉ. जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ साली तिचे वर्णन केले. गुणसूत्राचे कारण १९५९ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले. या मुलांच्या शिक्षणात भाषेचा, त्यातही व्याकरणाचा प्रश्न विशेष बिकट असतो.

शब्द पुढे, वाक्य मागे

या मुलांना बोललेले बरेच समजते; शब्दसंग्रहही हळूहळू वाढतो. परंतु शब्द जोडून वाक्य करताना ती अडखळतात. ‘आईने ताटात भाकरी वाढली’ हे वाक्य उदाहरणादाखल घ्यावे. त्यातील ‘आई’, ‘ताट’, ‘भाकरी’ हे शब्द ठळक आहेत. ‘ने’, ‘त’ हे प्रत्यय आणि क्रियापदातील ‘ली’ ही मात्र कानावरून सहज निसटणारी अक्षरे होत. व्याकरणाचा भार नेमका अशा अक्षरांवर असतो.

याची दोन कारणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. मध्यकर्णात द्रव साचल्याने यांपैकी अनेक मुलांना कमी ऐकू येते. शिवाय ऐकलेले शब्द क्रमाने लक्षात ठेवण्याची शक्ती दुर्बल असते. त्या मानाने डोळ्यांनी पाहिलेले अधिक टिकते.

वाढ थांबते काय?

भाषा शिकण्याचा काळ वयात येताच संपतो, असे प्रतिपादन अमेरिकेतील एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ साली केले. हे मत ग्राह्य धरल्यास बारा-तेरा वर्षांनंतरचे भाषाशिक्षण व्यर्थ ठरते. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातील रॉबिन चॅपमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांकडून गोष्टी सांगवून घेतल्या, तेव्हा निराळे चित्र दिसले. १९९८ व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत किशोरवयातही वाक्यरचना वाढत असल्याचे आढळून आले. साध्या संभाषणात दोन शब्दांच्या उत्तराने भागते. गोष्टीला मात्र लांब वाक्य लागते. सबब केवळ प्रश्नोत्तरांवरून मुलाची भाषा खुंटली, असा निष्कर्ष काढणे न्याय्य नव्हे.

शाळेचे व गावाचे कर्तव्य

शिक्षकांनी चित्रांखाली पूर्ण वाक्ये लिहून ती मुलाकडून वाचून घ्यावीत; निसटणारा प्रत्यय डोळ्यांसमोर राहतो. मुलाने ‘आई भाकरी’ म्हटल्यास त्याला न टोकता पूर्ण वाक्य सावकाश म्हणून दाखवावे. चित्रे पाहून गोष्ट सांगण्याचा सराव किशोरवयातही चालू ठेवावा.

श्रवणतपासणी वेळोवेळी होणे अगत्याचे आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोम व श्रवणदोष या दोहोंचा समावेश आहे. अंगणवाडी व शाळेतील तपासणीच्या दिवशी असे मूल घरीच राहणार नाही, याची दक्षता पंचायत सदस्यांनी घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मुलाची भाषा जोवर वाढू शकते, तोवर त्याचे शिक्षण बंद पडू न देणे, हे सर्वांचेच उत्तरदायित्व होय.